फिरकीच्या तांब्यातलं तळं

ज्या गावाला मी जाऊन आले त्याचं नाव मी लिहिणार नाही. लिहिलं तर तिथली माणसं आणखी फुगतील, आणि ती आधीच काही कमी फुगलेली नाहीत. बेळगावच्या पश्चिमेला, बेळगुंदीच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी ते आहे, एवढं सांगते. माझी धाकटी बहीण पद्मा तिथं दिलेली आहे. गावाला एक तळं आहे. ते बघायलाच मी मुद्दाम गेले आणि बघून आल्यापासून माझं पोट दुखतंय.

पोट का दुखतंय ते समजायला आधी आमच्या तळ्याचं सांगितलं पाहिजे. माझं सासर निपाणीजवळ. तंबाखूचा मुलूख, काळी जमीन. गावाच्या वेशीला चांगलं ऐसपैस तळं. लग्न झालं तेव्हा त्याच्या पायऱ्या उतरून मी कळशा भरल्यात. मग गल्लीत नळ आले. पद्माच्या गावात तेव्हा नळाचं नावही नव्हतं. ती आली की आमच्या नळाकडे बघत राहायची, आणि मी बाई उगाचच चावी सोडून पायांवर पाणी घेत उभी राहायचे. तेव्हा जळायची पाळी तिची होती.

नळ आले आणि तळ्याकडे जाणं सुटलं. त्यातच एका वर्षी गावातल्या एका घरी गौरीपुढं परातीत पाणी घालून जांभळ्या फुलांची झाडं तरंगत ठेवली होती. मिरजेकडून कुणीतरी आणलेली. काय ती फुलं! सगळं गाव बघायला लोटलं, बायकांच्या डोळ्यांत ती आरास अशी खुपली की पुढच्या वर्षी जिच्या तिच्या गौरीपुढं तीच परात. विसर्जनाला गौरीबरोबर ती झाडंही तळ्यात सोडली. देवीपुढचं निर्माल्य उकिरड्यावर टाकायचं का कुणी? ती जलपर्णी होती हे आम्हाला नंतर कळलं, जेव्हा तळ्यात पाणी दिसायचं बंद झालं तेव्हा.

मग पंचायतीनं औषध मारलं. झाडं काळी पडली, बुडाली, कुजली. मासे पांढरी पोटं वर करून काठाला लागले. वास असा की वेशीतून येणारी माणसं नाकाला पदर लावायची. आणि पुढच्या पावसात जलपर्णी पुन्हा हजर! शेवटी आम्ही महिला मंडळाच्या बायका आणि तालमीतली पोरं उतरलो. हातानं सगळी झाडं उपटली, दोन उन्हाळे गाळ काढला. मी सगळ्यांच्या पुढं होते. मास्तरीण चिखलात उतरली म्हणून गावानं टिंगल केली ती वेगळीच. पाऊस झाला, तळं भरलं. पण त्या पाण्यात काही म्हणजे काही नव्हतं. बेडूक नाही, मासा नाही, गोगलगाय नाही. वर हिरवी साय आणि खाली डासांची पिल्लं. सरपंच म्हणाले, "मास्तरीणबाई, तळं मेलंय. मुरूम टाकून बुजवू आनि एस्टी स्टँड करू." संक्रांतीनंतरच्या ग्रामसभेत ठराव होणार होता. मी तोंड वर करून सांगितलं, "माझ्या बहिणीच्या गावचं तळं बी असंच झालतं. ते जितं झालं. मी बघून येतो, मग काय ते बोला." बोलताना आम्ही बायकासुद्धा 'येतो-जातो'च म्हणतो, हे पुण्यामुंबईच्या वाचकांनी सांभाळून घ्यावं.

निपाणी ते बेळगाव

निपाणीच्या स्टँडवर तंबाखूचा खाट नाकात घेऊन मी बेळगावची लाल गाडी पकडली. पाटी कानडीत, कंडक्टर कानडीत, भांडणं मात्र मराठीत. तवंदीचा घाट चढून गाडी सपाटीला लागली, तशी मी खिडकीतून दिसेल त्या पाण्याकडे बघत होते. एखादं डबकं दिसलं आणि त्यात म्हैस डुंबताना दिसली तरी मनात यायचं, बघा, ह्यांच्याकडंसुद्धा काहीतरी जगतंय. बेळगावात किल्ल्यापाशी तळं दिसलं, तिकडेही मान वळलीच. रोग्याच्या घरच्या माणसाला जसे दुसऱ्यांची गुटगुटीत लेकरं दिसतात, तसं माझं झालं होतं.

पद्मासाठी कुंदा घेतला आणि त्या नादात पुढची गाडी चुकली. पद्माच्या दारात पोचले तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. आता आम्ही जैन. सूर्य बुडाला की जेवायचं नाही, हा नियम. माझ्या घरी तो केव्हाच ढिला झालाय, शाळा, शिकवण्या, कुठं जमतंय? पण पद्माची सासू उंबऱ्यातच बसलेली होती. सगळं गाव त्यांना आत्ती म्हणतं. वाळलेल्या शेंगेएवढी बाई, पण नजर अशी की आपण पदर सारखा करतो.

"सुमती, उशीर केलास गं," आत्ती म्हणाल्या. "चूल तर झाकली. तू रातचं खातीस व्हय?"

पद्मा माझ्याकडे बघत होती. तिला माहीत होतं की मी खाते.

"छे! मी कशाला खाऊ?" मी म्हणाले.

पोटात कावळे ओरडत होते आणि कुंद्याचा पुडा माझ्याच हातात होता. तोही आत्तींनी घेऊन देवापुढं ठेवला. बहिणीच्या सासरी मोठेपणा मिरवायला गेलं की असं होतं.

तळ्याकाठी

सकाळी पद्माबरोबर तळ्यावर गेले. मी एक साडी आणि साबणाची वडी घेतली होती, म्हटलं धुणं उरकून घेऊ. भाताची सुगी चालू होती, शेतांतून कापलेल्या भाताचा वास येत होता. आमच्याकडे काळी ढेकळं आणि तंबाखूची जाड पानं, इथं तांबडी माती, काजूची झाडं आणि मागं डोंगर. हेही मला आवडलं नाही, म्हणजे फार आवडलं, तेच तर दुखणं.

आणि मग तळं दिसलं.

पायऱ्या पाण्यात किती खोलवर दिसत होत्या! दगडावर गोगलगाईंनी ओढलेल्या रेघा दिसत होत्या. मधोमध पांढरी कुमुदं, कडेच्या लव्हाळ्यात जांभळ्या पाणकोंबड्या. मी पाय सोडून बसले तर बारकी मासळी येऊन बोटांना गुदगुल्या करायला लागली. मला रडू आलं. आनंदानं नाही. आमच्या तळ्याच्या पायऱ्या ह्यांच्याहून रुंद आहेत, घडीव आहेत, आणि मासळी मात्र ह्यांची! पद्मा लहानपणापासून अशीच. गोरी ती, केस तिचे लांब, स्थळ तिला चांगलं, आणि आता तळंही तिलाच चांगलं.

रागारागानं साडी भिजवायला घेतली तशी वरून आरोळी आली, "ओ बाई! साबन वर! साबन वर ठिवा आधी!"

शेवंता नावाची एक दणकट बाई कमरेवर घागर घेऊन उभी होती. ती म्हणाली, "धुणं बांधाखाली. तितं दगडाच्या दोणी हायत, ते पानी शेताकडं जातंय. हितं नुस्तं प्यायचं पानी. पद्माची आक्का न्हवं तुम्ही? त्या नळवाल्या गावच्या?"

नळवाल्या गावच्या! अंगाचा नुसता तिळपापड झाला. साबण पदरात गुंडाळला आणि त्यांच्या तळ्यात खोट काढायच्या उद्योगाला लागले. बांधावरून हिंडले, लव्हाळ्यात वाकून वाकून बघितलं. आणि सापडली! लव्हाळ्याच्या बुडाशी जलपर्णीचं एक फुगीर देठाचं रोप. एवढा आनंद मला माझ्या नोकरीचा हुकूम आला तेव्हा झाला नसेल.

"पद्मे, ये हिकडं! तुमच्यात बी हाय की!"

पद्मा आली, वाकली, रोप मुळासकट ओढलं, झटकलं आणि बांधावर उन्हात फेकलं. "व्हय," ती म्हणाली. "रोज एखाददुसरं असतंय. वरच्या नाल्यातनं येतंय."

"रोज?"

"रोज येतोय की आम्ही. दोनदा."

आता हे दोनदा का, ते जैन नसलेल्या वाचकांना सांगायला हवं. आमच्यात पाणी गाळून प्यायचं. आणि फडक्यावर जे बारीक जीव अडकतात ते मारायचे नाहीत, वाटेल तिथं टाकायचेही नाहीत. ज्या पाण्यातून आणले त्याच पाण्यात परत नेऊन सोडायचे. म्हणजे बाई सकाळी पाण्याला येणार, घरी जाऊन पाणी गाळणार, आणि ते फडकं धुवायला पुन्हा तळ्यावर येणार. दुसऱ्या खेपेला हात मोकळा असतो. तो हात मोकळा परत न्यायचा नाही, जे नको ते रोप दिसेल ते उपटून बांधावर टाकायचं, अशी त्या गावाच्या बायकांनी रीत पाडून घेतलीय. जैनांच्या बायका करतात म्हणून शेवंताच्या गल्लीतल्याही करायला लागल्या, मराठ्यांच्याही. कुणी शिकवायला गेलेलं नाही.

आणि आमच्याकडे? नळाला फडकं बांधलं की झाला आमचा धर्म. ते फडकं महिन्या-महिन्यानं बदलतो आणि मोरीत टाकतो.

आत्तींचा नकार

दुपारी जेवायला नव्या तांदळाचा भात, कुळथाची आमटी आणि वर पळीनं तूप. पद्माचा नवरा बाळगोंडा शेतावरून आला होता. आदल्या रात्रीचं उट्टं काढत मी जेवले. जेवताजेवता त्याला विचारलं की तुम्हाला ही अक्कल सुचली कशी? तो हसायला लागला.

"अक्कल कसली आक्का! जलपर्णी लई झालती. औषध मारायचा पंप आणलेला, मीच आणलेला. तर आई जाऊन पायरीवर बसली. म्हटली, आत इतके जीव हायत, त्यांच्यावर मारायचं तर आधी माझ्यावर मारा. आता आईवर कोण मारनार? मी लई चिडलतो. चार दिवस बोललो न्हाय तिच्यासंगट. मग काय करतोस? उतरलो समदे आनि हातानं काढली."

म्हणजे बघा! आम्ही तालुक्याला खेटे घातले, पत्रकं वाचली, पंप आणला, औषध आणलं, आणि तळं मारलं. ह्यांनी एका म्हातारीच्या हट्टापायी औषधच मारलं नाही, आणि ह्यांचं जगलं. शहाणपणानं जगवलं असतं तर मी मान दिला असता. पण हे असं, आपोआप? मला तो भात घशाखाली उतरेना. तरी दुसऱ्यांदा घेतला.

जेवण झाल्यावर मी मूळ कामाला हात घातला. "बाळगोंडा, मला दोन घागरी दे भरून. थोडी मासळी, थोड्या गोगलगाई, शिंपले, कुमुदाच्या चार मुळ्या. तुमच्यात ढीग हाय. आमच्या पाण्यात सोडतो. धरलं तर धरलं."

बाळगोंडानं आत बघितलं. पद्मानं खाली बघितलं. जपमाळ ओढत बसलेल्या आत्ती म्हणाल्या, "बेडा."

बेडा म्हणजे कानडीत नको. आत्तींचं माहेर चिकोडीकडचं, निर्णयाची भाषा कानडीच.

"का नको?" मी म्हणाले. माझा आवाज चढलाच. "फडक्यावरचे जीव तुम्ही परत सोडताच की. तिथं सोडायच्याऐवजी आमच्यात सोडतो."

"त्यांचं घर हितं हाय."

"मग मी न्हाय माहेर सोडून सासरी गेलतो? आनि आमच्या तळ्यात काय वाघ हायत?"

आत्तींनी माळ खाली ठेवली. "तुमच्या तळ्यात एकदा विख पडलंय, सुमती. परत पडणार न्हाय कशावरनं? हितनं उचलून तितं न्हेऊन मारल्याचं पाप मी डोक्यावर घिऊ व्हय?"

"मी दोन उन्हाळे गुडघाभर चिखलात हुतो, आत्ती!" मला हुंदका आला, आणि त्या घरात, पद्मासमोर हुंदका यावा याचा आणखी राग आला. "हातांची सालं गेली माझ्या. संक्रांत झाली की बुजवनार हायत ते. तुमचं हाय म्हनून तुम्हास्नी काय?"

आत्तींनी माझ्या हातांकडे बघितलं. मग विचारलं, "चिखल काढलास ते ऐकलंय मी. पर आता तळ्यावर जातं कोन? रोजच्याला?"

"कोण जानार? नळ हायत."

"मग?" आत्ती म्हणाल्या, आणि माळ उचलली.

त्या दिवसभर मी पद्माशी धड बोलले नाही. तिचा काय दोष? काही नाही. पण संध्याकाळी, या खेपेला अगदी दिवस बुडायच्या आत जेवताना, ती माझ्या पानात तुपाची धार जास्तच सोडत होती, आणि मला वाटत होतं की जे मागितलं ते नाही दिलं, आता तूप कशाला वाढतेस? तिनं हळूच विचारलं, "आक्का, तुमच्यातलं तळं बुजलं तर नळाचं पानी हाय न्हवं तुम्हास्नी?" मी म्हटलं, "तुझं बुजलं तर बोल." तिनं तुपाची वाटी खाली ठेवली.

परतताना

निघायच्या दिवशी सकाळी आत्ती स्वतः म्हणाल्या, "चल, तळ्यावर येतीस? तुझा तांब्या आण, वाटंला पानी लागंल." माझा प्रवासाचा फिरकीचा तांब्या आहे, पितळी, आईनं दिलेला. पद्माला तसाच पाहिजे होता, पण तो मला मिळाला. तेवढा एकच.

आत्ती पायऱ्या एकेक करून उतरल्या. खांद्यावर पाणी गाळायचं फडकं होतं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. तांब्या विसळला, तळ्यात बुडवला, काठोकाठ भरून वर काढला. लव्हाळ्याशी, जिथं पाणी जरा गढुळ होतं तिथं, पुन्हा थोडा बुडवला. आणि फिरकी लावायला लागल्या.

"आत्ती," मी म्हटलं, "गाळायचं राहिलं."

"न्हाय राहिलं."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. या बाईनं जन्मात न गाळलेलं पाणी कुणाला दिलं नव्हतं. सुनेला बाळंतपणात दिलं नव्हतं, दारातल्या बैलाला दिलं नव्हतं. त्यांनी फिरकी घट्ट पिळली, खांद्यावरचं फडकं काढून तांब्याच्या गळ्याला बांधलं.

"घरी जाऊन गाळ," त्या म्हणाल्या. "आनि फडकं धुवायला तुमच्या तळ्यावर जा. तूच जा. रोज जा."

"आनि पाप?"

"ते माझं मी बघतो. गाडी चुकंल, चल."

परतीच्या गाडीत तांब्या मांडीवर धरून बसले. उन्हं तापली, घसा कोरडा पडला, पण फिरकीला हात लावला नाही. संकेश्वरला एक आजोबा शेजारी बसले, तांब्याकडे बघून म्हणाले, "बाई, घोटभर पानी द्या की." मी नाही म्हणाले. "एवडा तांब्या घिऊन बसलाय आनि पान्याला न्हाय म्हनताय? कसली हो मानसं!" सगळी गाडी माझ्याकडे बघायला लागली. शेवटी खिडकीतून त्यांना लिंबू-सोडा घेऊन दिला, तरी त्यांचं तोंड निपाणीपर्यंत वाकडंच होतं. त्यांना काय सांगणार होते? की ह्यात तळं आहे म्हणून?

घरी चपलासुद्धा न काढता पाणी गाळलं. फडक्यावर आधी काही दिसलं नाही. मग उजेडाकडे धरलं तेव्हा टाचणीच्या टोकाएवढे तांबूस ठिपके उड्या मारताना दिसले, आणि लव्हाळ्याच्या काडीला चिकटलेले गोगलगाईच्या अंड्यांचे चिकट पुंजके. मी तशीच वेशीपर्यंत पळत गेले आणि फडकं पाण्यात धरलं.

ग्रामसभेत हशा झाला. "तांब्याभर पान्यानं तळं जितं होतंय व्हय?" मी म्हणाले, "न्हाय झालं तर मुरमाची पहिली पाटी मी टाकतो. पर एक पावसाळा द्या." सरपंच म्हणाले, मास्तरीण ऐकनार न्हाय, देऊन टाका. त्या दिवसापासून रोज सकाळी शाळेआधी मी नळाचं पाणी गाळायचे, ज्यावर काहीही नसायचं ते फडकं घेऊन तळ्यावर जायचे, धुवायचे, एखादं रोप दिसलं तर उपटायचे. मास्तरणीला येड लागलं म्हणून बायका बघायला यायच्या, आणि आल्या की मी त्यांनाही रोपं उपटायला लावायचे.

पाऊस लागून गेला, आणि श्रावणातल्या एका सकाळी मी कळशी घेऊन गेले. लग्नानंतरच्या दिवसांत भरायचे तशी तळ्याची कळशी भरून घरी आणली, आत्तींचं फडकं घागरीच्या तोंडावर टाकून ओतली. पाणी उतरलं. फडकं उजेडाला धरलं तर जिथं तिथं वळवळ होती. तांबूस ठिपके, पारदर्शक शेपट्या, आणि राईएवढी एक गोगलगाय शिंगं काढून चालायला लागलेली.

जितं तळं बघायला मी एवढ्या लांब गाड्या बदलत गेले होते, आणि आता ते माझ्या हातात होतं, तरी पहिला विचार मनात आला तो हाच, की हे पद्माच्या तळ्यातनं आलंय. मग फडक्याकडे पुन्हा बघितलं. छे. हे पाणी मी आमच्या पायऱ्यांवरून भरलं होतं. परत कुठं सोडायचं ते कुणाला विचारायची गरज नव्हती. फडकं ओलं आहे तोवर मी वेशीकडे निघाले.